तिसऱ्या पॅनेलवरची दुलई

२ नोव्हेंबर

वीज कंपनीवाले दाराच्या फटीतून पत्रक टाकून गेले. 'ग्राहकांच्या सोयीसाठी' वीज रोज सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी दोन ते पाच बंद राहील, मार्चअखेरपर्यंत. सोयीसाठी! चौतीस वर्षं मी मुलींना गणित शिकवलं, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. इतका निर्लज्ज शब्द एकीनेही वापरला असता तर तास संपेपर्यंत उभी केली असती.

हे त्यांच्या खोलीत उशांना टेकून बसलेले असतात. नाकात नळी, नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं यंत्र, यंत्राच्या टोकाला भिंतीतलं बटण. फुप्फुसांनी दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिला. वीज गेली की सूनबाई वरच्या मजल्यावरून धावत येते आणि नळी सिलिंडरला जोडते. सिलिंडर चार तास पुरतो. पूर्वी आठवड्यातून एकदा लागायचा, आता दिवसाला दीड लागणार. दीड सिलिंडर रोज खांद्यावरून कोण आणणार?

"बॅटरी बसवू, आई," चिरंजीव म्हणाले.

"आणि ती भरायची कशाने? तुझ्या उत्साहाने?"

आमचं घर रस्त्याच्या अगदी टोकाला. वीज आमच्यापर्यंत येते ती धापा टाकतच, तिने बॅटरी काय भरणार. सूनबाई म्हणाली, सौर लावू. ती इन्व्हर्टर तपासायच्या कारखान्यात कामाला आहे. बोटांवर कायम तारा जोडायच्या डाखाचे डाग. जेवायला बसली की मी ताटाकडे बघते, बोटांकडे नाही.

सूचना तिची असली तरी वाईट नव्हती. मी हो म्हटलं. आकडेमोड मात्र मी करणार, हेही सांगून टाकलं.

(मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेत घरच्या भाषेतला एक शब्द तोंडातून निघाला की सिस्टर गळ्यात पाटी अडकवायच्या. म्हणून रोजनिशी घरच्या भाषेत. आयुष्यात केलेली एवढी एकच बंडखोरी.)

५ नोव्हेंबर

मी आणि सूनबाई दुकानात गेलो. पॅनेल, कंट्रोलर आणि बॅटरी यांची सोयरीक जमवणं हे लग्न जमवण्यापेक्षा सोपं आहे, कारण इथे प्रत्येकाच्या पाठीवर खरी माहिती छापलेली असते. बॅटऱ्या दोन, बारा-बारा व्होल्टच्या, एकापुढे एक जोडून चोवीस. पॅनेल तीन, प्रत्येकी बत्तीस पूर्णांक आठ. तीही एकापुढे एक. मध्ये कंट्रोलर. तो दारवान. पॅनेलकडून येईल ती वीज बॅटरीला पचेल अशी करून आत सोडतो. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं: पॅनेलकडून कमाल शंभर व्होल्ट. बत्तीस पूर्णांक आठ गुणिले तीन, अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. कागदाची गरजही पडली नाही.

सूनबाई पुटपुटली, "आई, दीडशेवाला घेऊ या."

"का? शंभरापेक्षा अठ्ठ्याण्णव कमी असतात. तुमच्याकडे वेगळं शिकवतात?"

"लेबलवरचा आकडा पंचवीस अंशांचा असतो. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज वाढतो."

"थंडीत. म्हणजे ऊन कमी, तर वीज जास्त."

"वीज जास्त नाही, व्होल्टेज जास्त. पॅनेल गार असलं की..."

"गार असलं की तेही शेकोटीजवळ बसतं का?"

दुकानदार खदखदून हसला. मोठा समजूतदार माणूस, मिशी मात्र दोन माणसांची. "मॅडम, तुमच्या गणितापुढे आम्ही काय बोलणार! अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. बसतंय की." दीडशेवाला त्याच्याकडे नव्हताच, आठ दिवस थांबावं लागलं असतं.

"मग दोनच पॅनेल लावू सध्या," सूनबाई म्हणाली. हिला काहीतरी कमी हवं किंवा काहीतरी जास्त हवं, जे बरोबर आहे ते नको. ज्यांना मोजता येत नाही ते जास्तीचं घेऊन ठेवतात, हे मी तिला तिथेच सांगितलं. चार गिऱ्हाइकं होती. ऐकू दे.

९ नोव्हेंबर

बसलं! दुकानदाराचा जोडारी दहा वाजता आला आणि पॅनेलची वायर कंट्रोलरला लावायला निघाला, तर सूनबाईने त्याचा हात धरला. "आधी बॅटरी. चोवीसची आहे हे त्याला आधी कळू दे, मग पॅनेल." जोडारी ओशाळला. ही बाई परक्या पुरुषाचा हात धरते आणि परका पुरुष तिला "हो ताई" म्हणतो. पुस्तिकेत पाहिलं. क्रम तिचाच बरोबर होता.  बरोबर उत्तराला टाळ्या वाजवायची माझी पद्धत नाही.

दुपारी दोनला वीज गेली. यंत्र थांबलं नाही. हे नळीतून दोन लांब श्वास घेऊन म्हणाले, "वा! सूर्याला वेसण घालून माझ्या नाकात बांधलंस." मला बरं वाटलं. इथे लिहिते, त्यांना सांगितलं नाही.

कंट्रोलरच्या छोट्या पडद्यावर पॅनेलकडून किती वीज येतेय ते दिसतं. रोज सकाळी आठला नोंद करणार. वेगळी वही घातली आहे.

१४ नोव्हेंबर

खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणजे काय, ते आज कळलं. दुकानदाराचा फोन आला. "मॅडम, तुमचा दीडशेवाला कंट्रोलर सोमवारी येतोय." माझा? सूनबाईने परस्पर मागवला होता, स्वतःच्या पगारातून!

मी तिथल्या तिथे तो रद्द केला. आणि एकदा सुरुवात केलीच आहे तर दोन्ही सिलिंडरही एजन्सीला परत पाठवले. पलंगाशेजारी सिलिंडर उभा ठेवणं म्हणजे माझ्या गणिताला जामीन मागण्यासारखं आहे.

संध्याकाळी ती कामावरून आली. रिकामा कोपरा बघितला. "आई, सिलिंडर?"

"परत दिले. वापराच्या नसलेल्या वस्तू मी घरात ठेवत नाही." आणि तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

ती वर निघून गेली. चिरंजीव खाली आले, ओठ चावत उभे राहिले, वर गेले. खोलीत यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. झोप लागली असावी.

२७ नोव्हेंबर

थंडी पडली. सकाळी स्वयंपाकघरात तोंडातून वाफ निघते. यांच्या अंगावर नुसती पातळ पांघरुणं पाहून विचारलं, "तुमची जाड दुलई कुठेय?"

"कापूस पिंजायला दिली."

"कोणी दिली?"

"सुनेने."

"ऐन थंडीत? अक्कल गहाण टाकली आहे का तिने?"

"होय," हे म्हणाले, "तसंच काहीतरी." आणि खोकायला लागले. खोकला बराच वेळ चालला, आणि खोकताना डोळे मात्र मला हसल्यासारखे बारीक वाटले. त्यांना माझी शाल दिली.

३ डिसेंबर

वहीत गडबड आहे. नोव्हेंबरमध्ये सकाळी आठला पडद्यावर एकशेऐंशीच्या आसपास आकडा असायचा. गेला आठवडाभर एकशेवीस. मोसम बदलला म्हणावं, तर दहा वाजता आकडा जिथे हवा तिथे असतो. हळूहळू चढत नाही, साडेनऊच्या सुमारास एकदम उडी मारतो. एकशेऐंशीचे एकशेवीस म्हणजे बरोबर एकतृतीयांश कमी. निसर्ग इतका नेमका नसतो. नेमकी माणसं असतात.

सूनबाईला विचारलं. "धुकं असतं ना आई सकाळचं."

"धुकं तिनातून एक वजा करतं?"

ती डबा भरत होती. हात थांबला नाही. "मी आज बघते."

"तू बघू नकोस. तू बघतेस तेव्हाच काहीतरी होतं."

गच्चीवर जायचं तर एकवीस पायऱ्या आणि माझे गुडघे. पण चौतीस वर्षं मी कॉप्या पकडल्या आहेत. बाकाखालून चिठ्ठी सरकवणाऱ्या मुलीचा खांदा कसा दिसतो ते मला पाठीमागूनही ओळखता येतं. हिचा आज तसाच होता.

७ डिसेंबर

सगळं लिहिते, क्रमाने.

पावणेसातला गच्चीवर गेले. एका पायरीवर दोन पाय. वर अंग गोठवणारी थंडी, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. तीन पॅनेल ओळीने. दोन उघडी आणि तिसऱ्यावर, कपडे वाळत घालायच्या दोरीने चारी कोपऱ्यांना बांधलेली, यांची दुलई. पिंजायला दिलेली!

पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसून राहिले. अडीच तास. गारठ्याने बोटं वाकेनात, पण उठले नाही. सव्वानऊला सूनबाई वर आली, कामावर जायच्या कपड्यांत, आणि गाठ सोडायला वाकली.

"पॅनेलला जाग आली का?" मी म्हणाले.

ती इतकी दचकली की दोरी हातातून सुटली.

"आई! तुम्ही इथे थंडीत कधीपासून..."

"मी विचारीन, तू सांगशील. ही दुलई इथे काय करतेय?"

"मी सांगितलं होतं, दुकानात. पहाटे पॅनेल गार असतात, तिन्ही मिळून शंभराच्या वर जातात. कंट्रोलर जळेल. एक झाकलं की दोनच उरतात, धोका नाही. ऊन चढून पॅनेल तापलं की काढते. रोज रात्रीचं जेवण झालं की येऊन झाकते."

"म्हणजे माझं गणित चुकलंय."

"गणित बरोबर आहे, आई. हवा धरली नाही त्यात."

हवा धरली नाही! माझ्याच गच्चीवर, माझ्याच नवऱ्याच्या दुलईसकट उभी राहून मला सांगते. मी तिला खाली आणलं, यांच्या खोलीत, आणि यांच्यासमोर विचारलं, "यांच्या श्वासाची एकतृतीयांश वीज ही रोज चोरते आहे. हे तुम्हाला माहीत होतं?"

"दुलई माझी आहे," हे म्हणाले. "मी दिली."

"तुम्ही?"

"तिने विचारलं, मी दिली. पटलं मला." एवढं बोलायला त्यांना तीन श्वास लागले.

चिरंजीव दाढी अर्धी सोडून खाली आले. "आई, ती बरोबर बोलतेय. कारखान्यात रोज हेच करते ती."

"कारखान्यात ती खोकी तपासते. बापाच्या पंक्चरच्या दुकानात सायकलींना हवा भरत मोठी झालेली मुलगी मला हवा शिकवणार? ज्या घरात पुस्तक म्हणजे पंचांगसुद्धा नव्हतं, तिथून आली आहेस. तुला या घरात बसायला खुर्ची दिली तेच खूप झालं. वस्तूंना हात लावायचा हक्क दिलेला नाही."

 यंत्राचा आवाज तेवढा येत होता. सूनबाईच्या तोंडावर काही दिसलं नाही. वाचून झालेलं पुस्तक मिटावं तसं ते मिटलं. "बाबांची औषधं झाली का, ते बघते," म्हणाली आणि खरंच त्यांच्या गोळ्या काढून दिल्या. मग वर गेली.

मी दुलई धुऊन घेतली. तिच्याकडूनच.

१० डिसेंबर

गेले दोघं. हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर दोन खोल्या मिळाल्या म्हणे, त्याच्या ऑफिसजवळ. तिथली वीज जात नाही, हॉस्पिटलच्याच लाईनवर आहे. चिरंजीव म्हणाले, "आई, बाबांना आम्ही नेतो."

"यांचं घर हे आहे."

"मी त्यांना विचारतोय."

हे म्हणाले, "आत्ता नको." आत्ता! आयुष्यभर शब्द जपून वापरणाऱ्या माणसाने तो तिथे का घातला, कळलं नाही.

निघताना सूनबाई यांच्या खोलीत अर्धा तास दार लोटून होती. बाहेर आली तेव्हा तळव्यावर गंजाचा डाग होता. मला वाकून नमस्कार केला. संस्कार म्हणून केला, की मी अवघडावं म्हणून, सांगता येत नाही. मी "सुखी राहा" म्हटलं. तेही संस्कार म्हणूनच.

१३ डिसेंबर

सहा दिवस दुलईशिवाय. आठ तारखेपासून आभाळ ढगाळ, हवा उबदार, आणि कंट्रोलर ठणठणीत. आकडे ढगांमुळे कमी आहेत, पण ते समजण्यासारखं आहे. जळलं का काही? धूर निघाला? हेच सिद्ध करायचे होते.

यांना वही वाचून दाखवली. ते म्हणाले, "ढग आहेत." मी म्हटलं, "मग?" ते म्हणाले, "मग काही नाही." हल्ली फार कमी बोलतात. बोलण्याने श्वास लागतो हे खरं, पण सुनेशी बोलताना लागत नव्हता.

१५ डिसेंबर

काल संध्याकाळी आभाळ मोकळं झालं. आज सकाळी अंगणातल्या बादलीत पाण्यावर काचेसारखा पापुद्रा.

आठला नोंद करायला गेले तर कंट्रोलरचा पडदा काळा. दाबून पाहिलं, थोपटून पाहिलं. पडदा बिघडला असणार, कारण बॅटरीची वीज यंत्राला पुरवणारा इन्व्हर्टर चालू आहे, यंत्र चालू आहे. दुकानदाराला फोन केला, तो उद्या दुपारी येतो म्हणाला.

समजा, पडदाच नव्हे तर अख्खा कंट्रोलर बंद असेल, तरी घाबरायचं कारण नाही. बॅटऱ्यांत छत्तीसशे वॅट-तास, यंत्राला तासाला तीनशे. बारा तास. आजचे सहा, उद्याचे सहा. दुकानदार येईपर्यंत पुरून उरते.

यांना सांगितलं. ते म्हणाले, "तिला विचार."

"कशाला?"

"बारा का, ते."

"बारा, कारण तीनशे गुणिले बारा छत्तीसशे होतात. पहिलीतल्या पोरीला विचारू का?"

त्यांनी डोळे मिटले.

१७ डिसेंबर

हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून लिहिते. अक्षर वाईट आहे, बाक हलतो.

काल सकाळी सहाला वीज गेली. सातच्या सुमारास इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. यांची झोपमोड होईल म्हणून मी तो गप्प केला. एक बटण दाबलं की गप्प होतो. मग चहा टाकला. सात वाजून वीस मिनिटांनी घरात एक आवाज नव्हता. कुठला आवाज नाही ते आधी लक्षातच आलं नाही. यंत्राचा नव्हता.

खोलीत गेले तेव्हा हे पलंगावर पुढे झुकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ शाईसारखे. मी इन्व्हर्टर बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. हे हाताने काहीतरी दाखवत होते. खिडकीच्या पडद्याकडे. "मागे," म्हणाले. पडद्यामागे सिलिंडर. बुटका, गंजका, गळ्यात दोरीने किल्ली बांधलेला. माझ्या घरात, मला न सांगता, सहा दिवस!

किल्ली फिरेना. मी आयुष्यात सिलिंडर उघडलेला नाही, सगळं तीच करायची. तिला फोन केला. पहिल्या घंटेलाच उचलला, जणू हातातच होता.

"काय झालं?"

"हे बघ, आधी मला सांग, हा सिलिंडर कोणाला विचारून..."

"बाई, बोलू नका! किल्ली लावा. घड्याळाच्या उलट. उलट! लागला आवाज?"

"नाही. पण ही काय बोलायची..."

"दोन्ही हातांनी. जोर लावा. नळी यंत्रातून काढा, इकडे खुपसा. काचेतली गोळी वर आली का?"

"आली."

"दोनवर ठेवा. बाबांना पुढेच झुकू द्या, झोपवू नका. ॲम्ब्युलन्स सांगितली आहे, आम्ही निघालो." आणि फोन ठेवला. माझ्यावर ओरडली. मला 'बाई' म्हणाली, आई नाही. नोंद असावी म्हणून लिहिते.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा सिलिंडरचा काटा जवळजवळ तळाला होता. डॉक्टर म्हणाले, "आणखी दहा मिनिटं आणि विषय संपला होता. सिलिंडर कोणी ठेवला होता?"

मी म्हणाले, "घरात होता."

२० डिसेंबर

दोन तास घरी येऊन गेले, दुकानदाराला बोलावलं होतं. त्याने कंट्रोलर उघडला, नाकाशी धरला आणि माझ्या नाकाशीही धरला. जळका वास.

"मॅडम, व्होल्टेज जास्त झाला. पहाटेच्या थंडीत तिन्ही पॅनेल शंभराच्या वर गेले असणार."

"तूच म्हणालास बसतंय!"

"मी म्हणालो, मॅडमच्या गणितापुढे काय बोलणार." मिशीला हात लावला. "बॅटरीचंही तसंच. कागदावर बारा तास, पण ती तळापर्यंत पिळायची नसते. निम्म्यावर मान टाकते. हे ताईंना पक्कं ठाऊक असणार, त्यांनी सांगितलं नाही?" मग परत कंट्रोलरकडे बघत राहिला. "एक मात्र नवल आहे. याच्याहून कडक थंडी महिन्याच्या सुरुवातीलाच पडून गेली. तेव्हाच जायला हवा होता हा. इतके दिवस टिकला कसा?"

"मला काय ठाऊक," मी म्हणाले.

तो गेल्यावर पॅनेलच्या मागचं बारीक अक्षर भिंगातून वाचलं. प्रत्येक अंशाला किती टक्के वाढ ते तिथे छापलेलंच आहे. त्या सकाळी ऊन पडलं तेव्हा चार अंश असतील असं धरून मांडून पाहिलं. एकशेपाच पूर्णांक दोन. दोनदा केलं, तीनदा केलं. एकशेपाच पूर्णांक दोन.

उत्तर तिचं बरोबर होतं, हे मान्य. पण पायऱ्या कुठे मांडल्या तिने? दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर 'थंडीत वाढतो' एवढंच म्हणाली. कागद-पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसली असती, टक्के काढून दाखवले असते, तर मी काय ऐकलं नसतं? पायऱ्या नसलेल्या उत्तराला मी कधीच गुण दिलेले नाहीत. कोणालाही नाही. स्वतःच्या मुलालाही नाही.

२४ डिसेंबर

यांना आज सोडलं. डॉक्टर कागद भरत होते. "घरी कुठे जाणार?"

"सुनेकडे," हे म्हणाले.

मी म्हटलं, "त्यांना म्हणायचंय, मुलाकडे. तेही थोड्या दिवसांसाठी."

"सुनेकडे," हे पुन्हा म्हणाले. एका श्वासात. डॉक्टरांनी तसंच लिहिलं.

कपड्यांची पिशवी मी भरून नेली होती, आमच्या घराच्या हिशेबाने. सूनबाईने ती घेतली. "आई, तुम्हीही चला. जागा होईल."

"मी कोणाच्या दोन खोल्यांत मावत नाही."

ती "बरं" म्हणाली. एकदाही आग्रह केला नाही. गाडीत यांच्या पाठीशी उशी लावताना यांनी तिच्या मनगटाला धरलं होतं. लहान मुलं जत्रेत धरतात तसं. तोल जात असावा.

४ जानेवारी

दीडशेवाला कंट्रोलर आला. जोडाऱ्याकडून बसवून घेतला, आधी बॅटरी, मग पॅनेल. तो म्हणाला, "ताई नाहीत वाटतं?" मी त्याला कामाशी काम ठेवायला सांगितलं. बॅटरी कधीच निम्म्याच्या खाली जाणार नाही अशी योजना केली आहे. पॅनेलचा चारच काय, शून्य अंशांचाही हिशेब मांडला आहे. आता कुठेही काही कमी पडत नाही, काही जास्त होत नाही. सगळं एकमेकांना तंतोतंत जुळलेलं आहे.

सकाळी दहाला यांना फोन केला. सूनबाईने उचलून त्यांच्या कानाशी दिला.

"झालं बरं का सगळं," मी म्हणाले. "शून्य अंशांपर्यंत चिंता नाही. कधी येता?"

"इकडे वीज जात नाही, अगं."

"समजा गेली तर?"

"ती आहे."

"तिकडे तुमची खोली तरी आहे का? इथे खिडकी आहे, ऊन येतं..."

"इथेही येतं. बरं, ठेवतो. दमलो."

ठेवतो म्हणाले, पण ठेवला नाही. फोन उशीवर तसाच टाकला असावा. मला सगळं ऐकू येत होतं. सूनबाई म्हणत होती, "बाबा, सरका जरा, चादर ओढू द्या. किती पसरता!" हे म्हणाले, "मालक आहे मी, पसरणारच." ती म्हणाली, "मालक, मग भाडं द्या." आणि हे हसले. मध्ये खोकले, आणि खोकून झाल्यावर परत तिथूनच पुढे हसले. मग कोणीतरी कप ठेवला. ती कारखान्यातल्या कुठल्याशा साहेबाची नक्कल करत होती. चिरंजीव काहीतरी म्हणाले, तिघं एकदम बोलायला लागले. मला शब्द कळत नव्हते, तरी मी ऐकत होते. घड्याळ समोरच होतं. चाळीस मिनिटं.

मग चिरंजीवांचा आवाज जवळ आला. "अरे, हा फोन चालूच आहे. कोण आहे?"

हे म्हणाले, "ठेव रे. तिकडे कोणी नाही."

हे साफ चूक आहे. मी होते.